टीसीएल, मोटार आणि गळका व्हॉल्व्ह

प्रश्न : टीसीएलचा, म्हणजे पाण्यात टाकायच्या ब्लीचिंग पावडरचा, वास येतो म्हणून लोक ओरडतात. टाकी ५० हजार लिटरची आहे. मात्रा कमी केली तर चालेल का? (जलसुरक्षक, अमळनेर तालुका)

उत्तर : नाही चालणार. वासाची ओरड ऐकून घ्या. जुलाबाची साथ आली तर आधी लहान मुलं सापडतात. पावडरमध्ये ३३ टक्के क्लोरीन असेल तर हजार लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे भरल्या टाकीला २५० ग्रॅम. टाकी अर्धीच भरली तर १२५. मुठीचा अंदाज नको, तराजू ठेवा. प्लास्टिकच्या बादलीत पावडर थोड्या पाण्यात कालवा, मग बादली भरून ढवळा. चुना तळाशी बसला की वरची निवळी तेवढी टाकीत ओता. टाकी भरत असतानाच ओतली की नीट मिसळते. उग्र वास बहुतेकदा न मिसळल्यानेच येतो. नंतर अर्धा तास थांबून पाणी सोडा.

मग गावातल्या शेवटच्या नळाचं पाणी घेऊन त्यात ओटी (क्लोरीन तपासायचं ऑर्थोटोलिडीन द्रावण) टाका. पिवळसर रंग आला तर ठीक. रंगच नाही आला तर क्लोरीन तिथवर पोचलेलं नाही. तिथे लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवं. पोतं उघडं राहिलं तर आपल्याकडच्या मे महिन्यात क्लोरीन उडतं आणि चुनाच उरतो. पत्र्याच्या खोलीत ते ठेवू नका. ताजी पावडर, ओटी आणि तराजू पुरवणं ग्रामपंचायतीचं काम आहे. तो भार एकट्या जलसुरक्षकावर टाकणं अन्याय आहे.

प्रश्न : सगळेच नळाच्या लाइनला मोटार लावतात. आम्हीच का थांबायचं? (शिरपूर तालुका)

उत्तर : मोटार लाइनमधलं पाणी ओढते, दाब उतरतो आणि गटारीजवळ जिथे पाइप फुटका असेल तिथून घाण आत खेचली जाते. ते पाणी तुमच्या हंड्यातही येतं. टोकाच्या घरी तर थेंबही पोचत नाही. जमिनीलगत हौद बांधा, नळाचं पाणी आपोआप त्यात पडू द्या, मोटार हौदाला लावा.

प्रश्न : व्हॉल्व्हचा खड्डा कायम भरलेला असतो. काम कोणाचं? (साक्री तालुका)

उत्तर : दुरुस्ती ग्रामपंचायतीची, लेखी कळवणं तुमचं. पुरवठा बंद असताना हेच डबकं ग्लँडमधून, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्याभोवती गळती अडवणाऱ्या भागातून, पाइपात शिरतं. खड्डा उपसा, ग्लँडचे दोन्ही नट अर्धा-अर्धा आटा सारखे आवळा. गळती राहिली तर ग्लँडमधली ग्राफाइटची दोरी बदला. पांझरा नदीवरच्या फडांत, म्हणजे सामायिक पाटाच्या पाण्यावरच्या शेतांत, पाणी वाटायला पाटकरी नेमलेला असे, तरी पाट साफ करायला शेतकरी स्वतः उतरत. खड्डा उपसायला गल्लीतली चार माणसं पुरतात.