सावजी आणि वाईन: पहिल्यांदा खाणाऱ्यासाठी

भाऊ, पहिल्यांदाच आपलं नागपूरचं झणझणीत सावजी जेवण खाणार असशील तर थेट मटणावर तुटून पडू नकोस. आधी पाटवडी रस्सा सांग, सोबत भाकर. तिखट लागलं की पाणी ढोसून फायदा नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. दही बरं.

वाईनचं म्हणशील, तर रेड नको. तिच्यातल्या टॅनिननं, म्हणजे तुरटपणा आणणाऱ्या घटकानं, जाळ आणखी भडकतो. मी एकदा शिराझ ही रेड वाईन घेऊन बसलो होतो, कानातून धूर निघाला! नाशिककडची जराशी गोडसर शेनिन ब्लांक ही व्हाईट वाईन घे, ८ ते १० अंशांवर गार केलेली. आपल्या मे महिन्यात ती बघता बघता कोमट होते, म्हणून थोडी थोडीच ओत. साध्या सावजी भोजनालयात वाईन सहसा नसते. पार्सल घरी आणलेलं बरं.