‘सुप्त’ क्षयजंतू म्हणावं का?

प्रश्न असा आहे: क्षयरोगावरच्या मराठी लेखांत ‘सुप्त क्षयजंतू’ असं वाचायला मिळतं. सुप्त म्हणजे झोपलेला ना? मग जंतू खरंच झोपतात, की ‘गुप्त’ म्हणावं?

‘गुप्त’ नकोच. मराठीत ‘गुप्तरोग’ म्हटलं की भलताच अर्थ निघतो, आणि टीबीच्या पेशंटला लोकांच्या नजरा आधीच कमी सोसाव्या लागत नाहीत.

‘सुप्त’चं मूळ झोपेतच आहे, पण मराठीत तो शब्द झोपेपासून बराच दूर आलाय. सुप्त गुण, सुप्त इच्छा म्हणजे ‘आहे, पण वर दिसत नाही’. शाळेच्या विज्ञानात ‘अप्रकट उष्मा’ असतो, तसंच. या अर्थानं ‘सुप्त संसर्ग’ चोख आहे: खोकला नाही, ताप नाही, एक्स-रे स्वच्छ, फक्त त्वचेची किंवा रक्ताची चाचणी सांगते की जंतूंशी गाठ पडलीय. अशांपैकी ५ ते १० टक्के लोकांनाच पुढे आयुष्यात कधीतरी रोग होतो.

जंतूला मात्र ‘सुप्त’ म्हणणं मला पटत नाही. फुप्फुसातली भक्षक पेशी त्याला गिळते. एरवी गिळलेल्या जंतूची पिशवी पेशीतल्या पाचकरसांच्या पिशवीला जाऊन मिळते आणि जंतूचा निकाल लागतो. क्षयजंतू हे मीलनच रोखतो. पुढे त्याच्याभोवती पेशींची गाठ बनते, आत प्राणवायू तुटपुंजा. तेव्हा ‘डॉस-आर’ नावाच्या नियंत्रकाच्या हुकमतीखालची चाळीसहून अधिक जनुकं जोमानं कामाला लागतात, वाढ जवळजवळ थांबते आणि आपल्याच पेशींतल्या चरबीवर, कोलेस्टेरॉलवर त्याची गुजराण चालते. याला झोप कशी म्हणायची?

‘दबा धरून बसलेले’ हा प्रयोगही सर्रास दिसतो. पण दबा धरणाऱ्याची नजर झेपेवर असते. इथे सगळा खटाटोप टिकून राहण्याचा. म्हणून माझी पसंती ‘तग धरून राहिलेले जंतू’ला.

हा शब्दांचा कीस नाही. आयसोनियाझिडची गोळी जंतूचं मेणचट कवच नव्यानं बांधलं जात असताना घाव घालते. वाढ आवरून बसलेल्यावर तिचा जोर कमी पडतो. टीबीचे उपचार महिनोन्‌महिने चालतात, त्यामागचं हे एक मोठं कारण. ‘जंतू झोपलेत’ वाचणाऱ्याला गोळ्या लवकर सोडाव्याशा वाटतील. ‘तग धरून आहेत’ वाचणाऱ्याला त्या का संपवायच्या, ते कळेल.