कुंभारजुव्याच्या कालव्यात सुकाणू धरण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

मगरी दाखवणाऱ्या बोटीवर काम मिळालं, हे ऐकून बरं वाटलं. इंजिन तुला येतंच, सुकाणूही हळूहळू हातात बसेल. पाणी ओळखायला मात्र वेळ लागतो.

कालवा म्हटलं की पाटाचं एका दिशेनं वाहणारं पाणी डोळ्यांपुढे येतं. हा तसा नाही. तो गोव्यातल्या मांडवी आणि जुवारी या नद्यांना जोडतो आणि भरती दोन्ही तोंडांनी आत शिरते. मांडवीच्या तोंडाशी जी ओढ लागली, तीच बाणस्तारीच्या पुलापलीकडे असेल असं धरून चालू नकोस. तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, षष्ठीला साडेचार, हा जुना हिशेब कोकणात सगळ्यांना पाठ असतो. इथे तो तंतोतंत लागत नाही. मुरगाव बंदराचं कोष्टक जवळ ठेव आणि पुलाच्या खांबावरची ओल रोज बघून कालव्याचा फरक स्वतः वहीत मांड. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ जोराची असते, अष्टमीच्या भांगेला, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, पाणी मऊ असतं.

मगरी थंडीच्या सकाळी, ओहोटीनं उघड्या पडलेल्या चिखलावर ऊन खात पडतात. फेरीची वेळ त्यावरून ठरव. मालक गिऱ्हाइकाला ‘हमखास दिसणार’ म्हणून सांगेल, तू सांगू नकोस. आणि कोंबडीचे तुकडे टाकून मगर जवळ बोलवायचा प्रकार कुणी सुचवला तर सरळ नाही म्हण. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ती पहिल्या अनुसूचीत आहे, हे झालं एक. दुसरं, बोट म्हणजे खाणं हे तिला एकदा कळलं की त्याच पाण्यात जाळं टाकणाऱ्याचं काय? इथले खाजन शेतकरी, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या जमिनीत भात करणारे, पौष अमावास्येला चिखलाची मगर थापून पुजतात. त्यांचं तिच्याशी जमलेलं आहे, ते आपण बिघडवायचं नाही.

सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते वेगाबद्दल. दोन्ही काठांना खाजनाचे मातीचे बांध आहेत, खेकड्यांनी आधीच पोखरलेले. जोरात गेलास की तुझ्यामागची लाट त्यांवर आपटते. बांधाला भगदाड पडलं की खारं पाणी भातात, आणि ते शेत सुधारायला वर्षं जातात. पर्यटक ‘फास्ट, फास्ट’ ओरडतील, ओरडू देत. वळणावर तर वेग तोडच, पलीकडून बार्ज, म्हणजे माल वाहणारी मोठी सपाट बोट, येत असू शकते. पावसाळ्यात आग्वादच्या वाळूमुळे मांडवीचं तोंड बंद झालं की बार्ज याच वाटेनं मुरगावला जातात. भरलेली बार्ज चटकन थांबत नाही, बाजूला तूच व्हायचंस. ओहोटीला मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, तोंडापासूनही लांब राहा, तिथे जाळी लावलेली असतात. पंख्यात गुंतलं तर त्यांचंही नुकसान, तुझंही.

परवान्याचं बंदर कप्तान खात्यात स्वतः जाऊन विचार, मालकावर सोडू नकोस. लाइफ जॅकेट धक्क्यावरच घालायला लाव, दोर सोडल्यावर कुणी ऐकत नाही. मुलांच्या मापाची वेगळी मागून घे. मोठ्यांच्या जॅकेटातून मूल खाली निसटतं.

तुझा,
काका