बेल वाजवली की नर्स फक्त ‘किती दुखतंय, आकडा सांगा’ विचारून जाते. सासूबाईंचं ऑपरेशन कालच झालंय. हे दुर्लक्ष आहे का?

नाही, हे दुर्लक्ष नाही. वेदना किती आहे आणि मागचा डोस कधी दिला, हे पाहिल्याशिवाय सिस्टर इंजेक्शन देऊच शकत नाहीत. मी बडोद्यातच सर्जिकल वॉर्डात नर्स आहे, म्हणून सांगते. 0 म्हणजे अजिबात नाही, 10 म्हणजे असह्य. पॅरासिटामॉलच्या दोन डोसांत साधारण 6 तासांचं अंतर ठेवतात, मोठ्या माणसाला 24 तासांत 4 ग्रॅमच्या वर देत नाहीत, वजन कमी असेल तर त्याहून कमी. आकडा मोठा आला आणि वेळ झाली नसेल, तर डॉक्टरांना फोन करून दुसऱ्या औषधाची ऑर्डर घ्यावी लागते. ‘डॉक्टरांना विचारून येते’ एवढं सांगून जायलाच हवं. सांगितलं नाही तर हक्काने विचारा.

आपल्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मराठी आज्या हमखास ‘काही नाही, थोडंसंच’ म्हणतात. म्हणून निपचित पडलेल्या असताना नको, कूस बदलताना आणि खोकताना किती दुखतं ते विचारा. सिस्टर गुजराती असल्या तर सासूबाईंनी बोटांनी आकडा दाखवला तरी चालतं. दुखण्यामुळे खोल श्वास आणि खोकला टाळला की छातीत कफ साचतो, त्यामुळे सोसत बसू देऊ नका.

मात्र धाप लागली, छातीत दुखलं, ड्रेसिंगवर ताजं रक्त दिसलं किंवा हाक मारूनही त्या नीट जाग्या होत नसतील, तर बेल वाजवून वाट न पाहता थेट नर्सिंग स्टेशनवर धावा.