कायदेविषयक सल्ला : सुरक्षारक्षकांची मारहाण आणि भरपाईचा दावा

प्रश्न : माझा धाकटा भाऊ घरपोच पार्सल पोहोचवण्याचे काम करतो. तीन महिन्यांपूर्वी एका मोठ्या गृहसंकुलाच्या फाटकाशी दुचाकी लावण्यावरून वाद झाला आणि तिथल्या दोन सुरक्षारक्षकांनी त्याला दांडक्याने मारले. त्याच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले आणि दोन महिने काम बंद राहिले. पोलिसांत गुन्हा नोंदवला आहे. सोसायटी म्हणते, रक्षक आमचे नाहीत, एजन्सीचे आहेत. एजन्सी म्हणते, त्यांना आम्ही काढून टाकले, आता आमचा संबंध नाही. भरपाई मागायची कोणाकडे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : दावा तिघांवरही लावावा : मारणारे रक्षक, त्यांना नेमणारी एजन्सी आणि त्यांना फाटकावर उभे करणारी सोसायटी. केवळ रक्षकांवर दावा लावून मिळालेला हुकूमनामा बहुतेक वेळा कागदावरच राहतो, कारण तुटपुंज्या पगारावर बारा-बारा तास उभ्या असणाऱ्या माणसाकडून वसूल होण्यासारखे काही नसते. आणि माझ्या मते ते न्यायाचेही नाही. अप्रशिक्षित माणसाच्या हाती दांडके देऊन ‘कोणाला आत सोडू नकोस’ एवढेच सांगणाऱ्यांनी परिणामाची किंमत मोजली पाहिजे.

नोकराने नोकरीच्या ओघात केलेल्या अपकृत्याला मालकही जबाबदार असतो, हे तत्त्व आपली न्यायालये मानतात. रक्षकाने जुन्या वैयक्तिक वैरातून कोणाला गाठून मारले, तर एजन्सी हात झटकू शकते. परंतु फाटकावर वाहने अडवणे हेच ज्याचे काम, त्याने ते काम करताना मारहाण केली, तर ते नेमून दिलेले काम चुकीच्या रीतीने करणेच ठरते. घटनेनंतर त्याला काढून टाकल्याने एजन्सीची जबाबदारी संपत नाही. घटनेच्या दिवशी तो कोणाच्या नोकरीत होता, एवढेच पाहिले जाते.

सोसायटीचा प्रश्न थोडा अवघड आहे. स्वतंत्र कंत्राटदाराच्या माणसांच्या कृत्याला काम देणारा सहसा जबाबदार नसतो. मात्र रक्षकांना रोजचे हुकूम सोसायटीचे पदाधिकारी देत असतील, किंवा एजन्सी निवडताना साधी चौकशीही केली गेली नसेल, तर सोसायटीला सुटका मिळणे कठीण जाते. म्हणून सोसायटी आणि एजन्सी यांच्यातील करारपत्र दाव्यात हजर करायला लावावे. खासगी सुरक्षा एजन्सी (नियमन) अधिनियम, २००५ नुसार परवान्याशिवाय अशी एजन्सी चालवताच येत नाही, आणि रक्षकाची चारित्र्य-पडताळणी व प्रशिक्षण बंधनकारक आहे. केंद्राच्या २००६ च्या नमुना नियमांत त्यासाठी १०० तासांचे वर्गशिक्षण आणि ६० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण सांगितले होते. या रक्षकांना कोणते प्रशिक्षण मिळाले होते, हे एजन्सीला साक्षीच्या पिंजऱ्यात विचारण्यासारखे आहे. रक्षक एजन्सीचे नसून १९८१ च्या राज्य कायद्याखालील सुरक्षारक्षक मंडळाकडून आलेले असतील, तर प्रतिवादी कोण हे नव्याने ठरवावे लागेल, म्हणून ते आधी तपासावे.

संस्था नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्था असेल, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १६४ कडे दुर्लक्ष करू नका. संस्थेच्या कामकाजाशी निगडित दाव्यापूर्वी निबंधकांना लेखी नोटीस देऊन दोन महिने थांबावे लागते. मारहाण हे ‘कामकाज’ कसे, असा वाद घालता येईल. पण त्या वादात वर्षे घालवण्यापेक्षा नोटीस दिलेली बरी.

मारहाणीच्या भरपाईच्या दाव्याला मुदत कायदा, १९६३ प्रमाणे सामान्यतः तीन वर्षे मिळतात. पुरावा मात्र तेवढे दिवस टिकत नाही. सीसीटीव्हीचे चित्रण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसले जाते. पोलिसांनी ते जप्त केले आहे का, हे आजच विचारा आणि सोसायटीला ते जपून ठेवण्याची नोटीस द्या. न्यायालयात ते दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील, चित्रण कोणत्या यंत्रातून कसे घेतले हे सांगणारे प्रमाणपत्र लागते. रुग्णालयाची कागदपत्रे, एक्स-रे, औषधांची बिले आणि आधीच्या महिन्यांची कमाई दाखवणारे बँक खाते, हे सारे एकत्र ठेवा. कोर्ट फी मागितलेल्या रकमेवर ठरते, त्यामुळे रकमेला आधार असावा.

फौजदारी खटला संपेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. त्यात आरोपी सुटले, तरी दिवाणी दावा आपोआप पडत नाही, कारण दिवाणी न्यायालय संभाव्यतेचे पारडे कोणीकडे झुकते, म्हणजे कोणाची बाजू खरी असण्याची शक्यता अधिक, ते पाहते. ‘त्यानेच आधी हात उचलला’ असा बचाव येईल. स्वसंरक्षणाचा हक्क रक्षकालाही आहे, पण गरजेपेक्षा जास्त इजा करण्याची मुभा त्यात नाही. दावा जिथे मारहाण झाली तिथे किंवा प्रतिवादी राहतो तिथे लावता येतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १९ मध्ये दिल्लीच्या माणसाने कलकत्त्यात केलेल्या मारहाणीचेच उदाहरण दिले आहे.

प्रश्न : अकरा महिन्यांपूर्वी एका मॉलमधील दुकानात आठशे रुपयांची वस्तू चोरल्याच्या संशयावरून रक्षकांनी मला दंड धरून आतल्या खोलीत ओढत नेले आणि तीन तास कोंडून ठेवले. काहीच सापडले नाही, तेव्हा सोडले. दावा करता येईल का?
– एक वाचक भगिनी, पुणे

उत्तर : येईल, पण विलंब करू नका. बेकायदा कोंडून ठेवल्याबद्दलच्या भरपाईला मुदत कायद्याने एकच वर्ष दिले आहे, ते सुटकेच्या दिवसापासून मोजतात. तीन वर्षांचा हिशेब इथे लागू नाही.

खासगी रक्षकाला पोलिसांचे अधिकार नसतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार खासगी व्यक्ती कोणाला अटक करू शकते ती दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा तिच्यासमोर घडल्यास, किंवा तो माणूस फरारी घोषित असल्यास. त्यालाही विनाकारण विलंब न करता, फार तर सहा तासांत, पोलिसांच्या हवाली करावे लागते. पाच हजारांपेक्षा कमी किमतीच्या चोरीचा पहिला गुन्हा तर नव्या संहितेत अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. चोरी होत असल्यास माल वाचवण्यापुरते अडवणे वेगळे, आणि पोलिसांना न कळवता केवळ संशयावरून तीन तास खोलीत ठेवणे वेगळे.

महिला म्हणून, उत्पन्न कितीही असले तरी, विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार तुम्हाला मोफत वकील मिळू शकतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे याच आठवड्यात अर्ज करा आणि वर्ष कोणत्या तारखेला पूर्ण होते, ते अर्जात ठळकपणे लिहा.