सॅम्पलमध्ये असूनही सापडत नाही, ते का?

या वेळच्या प्रश्नांमध्ये एकच तक्रार फिरून फिरून आली आहे: होतं, तरी दिसलं नाही. (एका बाईंची तक्रार नेमकी उलटी आहे.)

प्रश्न (मुलुंड): बाबांच्या छातीत दुखू लागल्यावर तासाभरात रुग्णालयात नेलं. पहिला ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन) नॉर्मल, तीन तासांनी पुन्हा केला तर वाढलेला. पहिला रिपोर्ट चुकला का?

उत्तर: चुकला नाही. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन रक्तात हळूहळू झिरपतो. तासाभरात तो पुरेसा उतरलेला नसतो. आताची हाय-सेन्सिटिव्हिटी चाचणी तर इतकं बारीक मोजते की निम्म्याहून अधिक निरोगी माणसांतही तिला थोडा ट्रोपोनिन सापडतो. म्हणून 'आहे की नाही' एवढ्यावर भागत नाही, दोन आकड्यांतला फरक बघावा लागतो. आणि एकक तपासा. जुने रिपोर्ट नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये असत, नवे प्रति लिटरमध्ये असतात. ०.०४ आणि ४० एकच! जुना कागद शेजारी धरून 'हजारपट वाढला हो' म्हणत घाबरलेली माणसं मी काउंटरवर पाहिली आहेत.

प्रश्न (माटुंगा, एम.एस्सी.चा विद्यार्थी): प्रोजेक्टसाठी एलायझा (अँटिबॉडी वापरून रंगावरून मात्रा मोजायची चाचणी) करतोय. कमी मात्रेची सॅम्पल्स ब्लँकपासून (सॅम्पल न घातलेल्या खळग्यापासून) वेगळी दिसतच नाहीत. सब्स्ट्रेट (एन्झाइममुळे रंग धरणारं द्रावण) जास्त वेळ ठेवला तर सगळी प्लेटच पिवळी होते. संवेदनशीलता कशी वाढवू?

उत्तर: संध्याकाळी सहाला दादरच्या पुलावर मित्राला हाक मारून बघा. घसा कितीही ताणलात तरी ऐकू जाणार नाही. सब्स्ट्रेट जास्त वेळ ठेवणं म्हणजे तुमच्याबरोबर पुलावरच्या सगळ्यांनाच ओरडायला लावणं.

आकड्यांत बघू. ब्लँकची सरासरी अधिक तीन प्रमाण विचलनं, ही ओळखू येण्याची ढोबळ मर्यादा. समजा ब्लँकच्या रंगाची तीव्रता ०.३० आणि विचलन ०.०५, मर्यादा झाली ०.४५. सॅम्पल ब्लँकच्या ०.१२ वर, म्हणजे ०.४२. गेलं! आता ब्लँक ०.०८ आणि विचलन ०.०१ वर आणा. मर्यादा ०.११, आणि तेच ०.१२ मिळवून सॅम्पल ०.२०. लख्ख दिसतं, आणि त्यात एक रेणूही वाढलेला नाही.

म्हणून आवाज वाढवण्याआधी गोंगाट, म्हणजे ब्लँक, उतरवा. आधी वॉश. प्रत्येक वेल (प्लेटचा खळगा) वॉश बफरने काठोकाठ भरा, अर्धा मिनिट थांबा, झटकून टाका, मग प्लेट उलटी करून टिश्यूच्या थप्पीवर आपटा, शेजारचा दचकेल इतकी. तळाशी राहिलेल्या थेंबात एन्झाइम असतं आणि ते इमानेइतबारे रंग आणतं. मग कॉन्जुगेट (एन्झाइम जोडलेली अँटिबॉडी) निम्म्याने पातळ करून बघा. सॅम्पलचा रंग थोडा उतरेल, ब्लँकचा बहुधा जास्त. ब्लॉकिंगला (वेलमधल्या रिकाम्या जागा झाकायला) दूध पावडर वापरत असाल आणि तुमची पद्धत बायोटिन (एक जीवनसत्त्व) आणि त्याला घट्ट धरणारं प्रथिन स्ट्रेप्टाव्हिडिन यांच्या जोडीवर चालत असेल, तर पावडर सोडा, बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रथिन) घ्या. दुधात बायोटिन असतं. बफरमध्ये सोडियम अझाइड नाही ना, तेही पाहा. त्याने पेरॉक्सिडेज, म्हणजे रंग आणणारं एन्झाइमच, मरतं. आपल्या जुलैत फ्रिजमधून काढलेलं प्लेटचं पाकीट लगेच फोडू नका. प्लेटला घाम सुटतो आणि एकाच सॅम्पलच्या दोन वेल दोन आकडे सांगू लागतात. एवढं करून भागलं नाही तरच महागडं किट मागा.

प्रश्न (गिरगाव): मला काहीच त्रास नाही, पण रिपोर्टप्रमाणे थायरॉइड भलताच जोरात आहे. टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) एकदम कमी, फ्री टी-४ (थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक) जास्त. केसांच्या गोळ्या सोडल्या तर औषध कुठलंच नाही.

उत्तर: त्या गोळ्यांचं पाकीट वाचा. वरच्या उत्तरातलं बायोटिन तिथेही भेटेल. रोजची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम. केसांच्या गोळीत १० मिलिग्रॅमही असतं, म्हणजे तीनशे पटींहून जास्त. काही यंत्रांत अँटिबॉडी पकडून ठेवायला बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिनचीच जोडी वापरलेली असते. तुमच्या रक्तातल्या बायोटिनने स्ट्रेप्टाव्हिडिनच्या जागा आधीच अडवल्या, की टीएसएच खोटा कमी आणि फ्री टी-४ खोटा जास्त दिसू शकतो. गोळ्या किमान दोन दिवस बंद ठेवून, लॅबला तसं सांगून, चाचणी पुन्हा करा. तोवर थायरॉइडचं औषध सुरू करायची घाई नको. डॉक्टरांना पाकीट दाखवा.

प्रश्न (गोवंडी): भावाच्या बेडक्याची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी निगेटिव्ह, सीबीनॅट (टीबीच्या जंतूंचा डीएनए शोधणारी चाचणी) पॉझिटिव्ह. कोणावर विश्वास ठेवायचा?

उत्तर: बहुतेक वेळा सीबीनॅटवर. काचपट्टीवर जंतू दिसायला एका मिलिलिटरमध्ये ५,००० ते १०,००० असावे लागतात. सीबीनॅटला सुमारे १३० पुरतात, नंतरच्या 'अल्ट्रा' कार्ट्रिजला तर साधारण १६. पण भावाला पूर्वी टीबी होऊन गेला असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, कारण ही चाचणी मेलेल्या जंतूंचा डीएनएही उचलते.

आणि पुन्हा सॅम्पल मागितलं तर भावाला सांगा: सकाळी उठल्यावर चूळ भरायची, उघड्या हवेत, माणसांपासून लांब उभं राहायचं, दोनदा खोल श्वास घ्यायचा आणि छातीतून खाकरून काढायचं. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी डब्यांत नुसती फेसाळ लाळ असते. झाकण लावायच्या आधी डबी उजेडात धरा. घट्ट, पिवळसर काही दिसत नसेल तर परत खाकरा.