निर्णयाआधीच ‘पुढे चुटपुट लागेल’ असं वाटणं मोजता येतं का? ती काळजीच असते का?

हो, मोजता येतं. पण ही काळजी नव्हे, तिची सख्खी शेजारीण म्हणा. इंदूरहून पुण्याला जायचंय, गाडीचं तिकीट वेटिंग १४. तुम्ही बसचं काढलंत आणि मनात आलं, ‘वेटिंग क्लिअर झालं तर उगाच बस घेतली असं होईल.’ ही आगाऊ चुटपुट. तिला दोन पर्याय आणि निवडणारे तुम्ही लागता. ‘बस वाटेत बंद पडली तर?’ ही काळजी. तिला निवडीची गरज नसते. मी समुपदेशन करते, चुटपुट आणि काळजी दोन्हींच्या प्रश्नावल्या वापरते. मानसशास्त्रज्ञ बॅरी श्वार्ट्झ आणि सहकाऱ्यांची २००२ ची पश्चात्ताप-मापनी फक्त ५ विधानांची, प्रत्येकाला १ ते ७ गुण. पण तिची विधानं निवड झाल्यानंतरच्या मनाबद्दल आहेत, म्हणून आगाऊ चुटपुटीसाठी संशोधक ठरावीक निर्णयच समोर ठेवतात: लस घेतली नाही आणि आजारी पडलात, तर किती वाईट वाटेल? काळजीसाठी पेन स्टेट प्रश्नावली (१९९०): १६ विधानं, गुण १६ ते ८०. चुटपुट आणि काळजी दोन्हींचा ‘पुढे काय होईल ते कळत नाही’ हे सहन न होण्याशी संबंध जोडला जातो, आणि दोन्ही एकाच माणसात सापडू शकतात.

मात्र गुण जास्त आले म्हणजे आजार ठरत नाही, आणि कशामुळे काय होतं हेही त्या आकड्यांवरून कळत नाही. निर्णयच होईनासे झाले, झोप उडाली, तर समोरासमोर कुणाशी तरी बोलाच.